कोऱ्या पट्ट्यावरची तारीख

१५ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

इतक्या उशिरा लिहितोय, त्याबद्दल आधी माफ कर. हा उशीर आठवड्या-पंधरवड्याचा नाही, वर्षांचा आहे, ते मला कळतं. पण आज भीती वेगळीच आहे. हा उशीर भरून निघण्यातला आहे की नाही, तेच मला ठाऊक नाही. वर 'चि.' लिहिलं आणि हात थांबला. खोडावं का, असं मनात आलं. मग म्हटलं, आपल्या हाताने कशाला खोडायचं. राहू दे.

झालं ते सांगतो. रेडिओवर सकाळी 'आजच्या दिवशी' म्हणून कार्यक्रम लागतो. त्या तारखेला पूर्वी गाण्यांच्या दुनियेत काय काय घडलं ते एक बाई सांगतात आणि मध्ये मध्ये गाणी लावतात. दर नऊ मार्चला त्यात तुझं गाणं असतं. आम्ही दोघं त्या दिवशी चहा लवकर उरकून रेडिओपाशी बसतो. यंदाही बसलो. मी नेहमीसारखा खोक्यावर तळहात ठेवून होतो.

बाई सांगत होत्या की आजच्याच दिवशी एका मोठ्या गायकाला पहिल्यांदा माईकसमोर उभं केलं, तर तो घाबरला आणि भिंतीकडे तोंड करून गायला, आणि तेच गाणं गाजलं. आजच्याच दिवशी एका बँडमधले दोन सख्खे भाऊ बसमधल्या खिडकीच्या जागेवरून भांडले आणि पुन्हा कधी एका स्टेजवर चढले नाहीत. मग म्हणाल्या, आजच्याच दिवशी हे गाणं जन्माला आलं, आणि तुझं नाव घेतलं. नावाच्या आधी म्हणाल्या, दिवंगत गायिका.

तुझ्या वहिनीने रेडिओ बंद केला. गाणं दोन ओळीसुद्धा झालं नव्हतं. मी म्हटलं, "चालू ठेव की." तर म्हणाली, "तुम्हाला काय ऐकू..." आणि उठून भांडी घासायला बसली. सगळी घासलेलीच होती.

तेव्हापासून माझं काही खरं नाही. अन्न गोड लागत नाही. वहिनीकडून तुझ्या जुन्या घरमालकाला फोन करवला. तो म्हणतो, "त्यांनी खोली सोडून जमाना झाला, मला कशाला विचारता?" दाजी हयात असते तर त्यांच्या गोदीतल्या लोकांकडून तरी काही कळलं असतं. आता तिकडे ओळखीचं कोण आहे? आमच्या इमारतीखाली घड्याळ दुरुस्तीवाला बसतो, त्याला सांगितलं. तो म्हणाला, "काका, रेडिओवाले उद्या ऊन म्हणाले की तुम्ही छत्री घेऊन निघता. मग एवढंच का खरं मानता?" बरं वाटलं. जिना चढेपर्यंत बरं वाटलं.

वहिनी म्हणते, "जिवंत आहे म्हणून लिहिताय का नाही म्हणून लिहिताय? आधी ते ठरवा, मग तिकीट लावा." तिच्या बोलण्याचं मनावर घेऊ नकोस. तीच काल तुझा जुना स्वेटर काढून बसली होती. खरं तर तो माझाच.

हे पत्र जुन्या पत्त्यावर टाकतोय. घरमालकाला म्हटलंय, ठाऊक असेल तिथे पाठव. माझी काळजी करू नकोस. डोळे, कान, दात, सगळं जागच्या जागी आहे.

दादा


२१ मार्च

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

माझं पत्र परत आलं. पाकिटावर कोणीतरी लाल पेन्सिलने फुली मारली आहे. फुलीच मारायची होती तर काळी पेन्सिल नव्हती का, असं उगीच वाटलं. हे त्याच्यासोबत नव्या पाकिटात घालतोय. ते तुझ्यापर्यंत कसं पोचणार, ते खाली लिहितो.

मी रेडिओच्या कचेरीत जाऊन आलो. दारावरचा माणूस म्हणाला, "कोणाला भेटायचंय?" मी म्हटलं, "आजच्या दिवशी." तो म्हणाला, "आजच काय, कधीही भेटा, पण कोणाला?" शेवटी त्या बाईच खाली आल्या. मला वाटलं होतं कोणी तरणी मुलगी असेल. चांगल्या पिकल्या केसांच्या आहेत, चष्म्याला साखळी आहे. मी कोण ते सांगितल्यावर त्यांचा चेहरा उतरला. मला त्यांनी त्यांच्या खोलीत नेलं आणि पाणी दिलं. मी उभाच राहिलो. बसलं की वाईट बातमी ऐकावी लागते, असं मला दवाखान्यात एकदा तसं ऐकल्यापासून झालंय.

"तुम्हाला घरून कोणी कळवलं नाही?" त्यांनी विचारलं.

"तेच विचारायला आलोय," मी म्हटलं. "तुम्हाला कोणी कळवलं?"

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्याकडे एक रीत आहे. ज्याचा दिवस असेल तो माणूस हयात असला तर त्याला सकाळी फोन लावायचा, अभिनंदन करायचं आणि विचारायचं, या दिवसाची काय आठवण आहे? चार शब्द मिळाले तर ते कार्यक्रमात वाजवायचे. माणूस गेलेला असेल तर नुसतं गाणं लावायचं. तुझा नंबर त्यांना तुझ्या गाण्याची तबकडी काढणाऱ्या कंपनीकडून मिळाला होता. कार्यक्रम सुरू झाल्यापासून दर नऊ मार्चला ते तुला फोन करत होते.

हे ऐकून मी बसलो.

"काय म्हणायची ती?"

"पहिल्या वर्षी नुसतं 'बरं' म्हणाल्या. आम्हाला वाटलं, लाजत असतील. मग कित्येक वर्षं उचललाच नाही. गेल्या वर्षी एका बाईंनी उचलला. म्हणाल्या, ती वारली. आता या तारखेला फोन करू नका."

"कोण बाई?"

"मी विचारलं ना. म्हणाल्या, घरातलीच."

"रडत होती का?"

"नाही हो. शांत होत्या. वयस्कर आवाज. मला वाटलं, बहीण असेल."

धाकटे, तुला मी सोडून भावंड नाही. दाजी गेले. तुझ्या घरात 'घरातलीच' म्हणायला उरलंय कोण? बस येईपर्यंत मी हेच डोक्यात फिरवत होतो. एक बस त्यात निघून गेली. शेजारीण असेल का, जी तुझं करत असेल? दवाखान्यातली कोणी बाई असेल का? का तूच होतीस?

तूच असलीस तर माझा राग नाही, हे आधी सांगून ठेवतो. असं अभद्र तोंडातून काढलंस म्हणून वहिनी तुला बोलेल, पण तिलाही तेच हवंय. मी तर आता रोज हेच मागतोय की माझी बहीण खोटं बोललेली असावी.

त्या बाईंना मी बबडीचं सांगितलं नाही. नऊ मार्चला तुझी बबडी गेली, शाळेतलं पहिलंच वर्ष होतं, तीन दिवसांच्या तापाने गेली, हे मी त्या खोलीत कुठल्या तोंडाने सांगणार होतो? त्यांच्या टेबलावर कोणाच्या तरी वाढदिवसाच्या केकचा तुकडा होता. माणसं चांगली आहेत. त्यांना काय माहीत. दर वर्षी त्याच सकाळी तुझा फोन वाजवून आनंदाने विचारत होते, या दिवसाची काय आठवण आहे.

तुझा पत्ता ते देत नाहीत, नियम आहे म्हणे. पण त्यांच्याकडे कुठलातरी पत्ता आहे. बाई म्हणाल्या, पाकीट द्या, आमच्या टपालात घालते, परत आलं तर तुम्हाला सांगते. अजून तरी परत आलेलं नाही असं समज, कारण हे अजून लिहूनच होतंय. माझं डोकं असं झालंय.

दादा


२९ मार्च

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

मागच्या पत्रात एक गोष्ट गाळली. लिहायला घेतली होती, पण कागद उलटून झोपलो.

बाईंकडे बसलो होतो तेव्हा मी म्हटलं, "पण नऊ मार्च कुठून आणलात? ती गायली तेव्हा कडाक्याची थंडी होती." मला चांगलं आठवतं. तू माझा स्वेटर घालून गेलीस. स्टुडिओत बटणं माईकच्या दांडीला लागून वाजायला लागली, म्हणून त्यांनी तो काढायला लावला. तू कुडकुडत गायलीस. लोक म्हणतात, आवाजात काय थरथर आहे, काळीज हलतं. घरी आल्यावर तू म्हणालीस, "काळीज कसलं, दात वाजत होते."

बाई म्हणाल्या, "कंपनीचे जुने कागद राहिलेच नाहीत. तारीख तबकडीवरच आहे." आणि त्यांनी आतून ती आणवली. दिव्याखाली तिरकी धरली. गाणं संपल्यावर सुई जिथे नुसतीच गोल फिरत राहते, कागदाच्या चकतीला लागून, तो कोरा पट्टा. त्यावर बारीक कोरलेलं होतं, ९-३. तीनाचं शेपूट खाली ओढत नेलेलं. माझा तीन तसाच असतो. मास्तर त्यावरून छडी मारायचे.

तबकड्यांच्या कारखान्यात आमच्या दाबयंत्रावर रीत होती. नवीन साचा चढला की पहिली तबकडी जो काढेल त्याने खिळ्याने साच्यावर त्या दिवसाची तारीख ओढायची. साच्यावर उलटी ओढायची, म्हणजे तबकडीवर सुलटी उमटते. मुकादम बघून न बघितल्यासारखं करायचा. तुझा साचा आला तेव्हा पाळी दुसऱ्याची होती. मी त्याच्या हातापाया पडून ती मागून घेतली. तापलेला काळा गोळा ठेवला, वर-खाली तुझ्या नावाचा कागद ठेवला, यंत्र मिटलं. वाफ सुटली. माझ्या बहिणीचा आवाज माझ्याच हाताने निघाला, हे मी तेव्हा सगळ्या खात्याला ऐकवत फिरलो होतो. एकालाही ऐकू गेलं नसेल. तिथे यंत्रांच्या आवाजात कोणालाच काही ऐकू जायचं नाही.

बाई म्हणाल्या, "काका, आमचं अर्धं पंचांग तुमच्यासारख्यांच्या खिळ्यांनी लिहिलंय." कौतुकाने म्हणाल्या. मी मान हलवली. मग बाहेर येऊन जिन्यात बसून राहिलो.

म्हणजे बघ, त्या तारखेला गाण्याचं काहीच झालं नव्हतं. एका कामगाराची पाळी होती, एवढंच. पुढे त्याच तारखेला बबडी गेली. आणि त्यानंतर कितीतरी वर्षांनी कोणी तबकडी तिरकी धरून बघितली आणि तुझा फोन वाजायला लागला. मी तारीख ओढली नसती तर त्यांच्याकडे दुसरी कुठली असती, नाहीतर नसतीच. हे मी वहिनीला सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही काय देव आहात का, पुढचं दिसायला? खिळा होता तो." मग थोड्या वेळाने म्हणाली, "पण तिला लिहा."

आणखी एक. पहिल्या पत्रात कान जागच्या जागी आहेत लिहिलं, ते नुसते जागच्या जागीच आहेत. यंत्रांनी खाल्ले. उजवा गेलाच, डाव्यात जाड आवाज तेवढे शिरतात, समोरच्याचं बोलणं ओठांवरून जुळवतो, आणि बाकी वेळ तेच यंत्र डोक्यात घरघरत असतं. तुझं गाणं मी कित्येक वर्षांत ऐकलेलं नाही. वहिनी बोट वर करते, म्हणजे सुरू झालं. मी खोक्यावर हात ठेवतो. हाताला थोडं कळतं. कार्यक्रमात बाई काय म्हणाल्या तेही सगळं वहिनीनेच मला सांगितलं, कानाशी तोंड आणून. 'दिवंगत' हा शब्दही तिलाच दोनदा सांगावा लागला. मी म्हटलं, परत सांग. तिने परत सांगितला.

काल पुन्हा गेलो होतो. बाईंना म्हटलं, नऊ मार्चमधून हे गाणं काढा. या वेळी कारण सांगितलं, बबडीचं. त्या कितीतरी वेळ चष्म्याची साखळी बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "काढते. पण आमच्याकडे गाणं तारखेशिवाय लागत नाही. खरी तारीख सांगा, गायल्या ती. त्या दिवसावर ठेवते."

मला आठवेना. थंडी आठवते. स्वेटर आठवतो. तारीख नाही. खूप डोकं खाजवलं. त्या म्हणाल्या, "मग ते लागणारच नाही, काका. कधीच. चालेल?"

मी चालेल म्हटलं.

त्यांनी माझ्यासमोर नऊ मार्चमधून ते काढून टाकलं. आता त्या दिवशी भिंतीकडे बघून गाणारा तो माणूस राहिला आणि ते भांडखोर भाऊ राहिले. येताना बसमध्ये वाटलं, पाळी मागून घेतली होती तशी आज परतही केली. पण हलकं वाटलं नाही. तू नसलीस तर तुझं जे काही या जगात वाजत होतं, ते मी आज बंद करून आलोय. आणि तू असलीस तर आता त्या सकाळी कोणी फोन करणार नाही. दोन्हीतलं कुठलं, हे कळल्याशिवाय मला धड रडताही येत नाही.

दादा


४ एप्रिल

चि. धाकटीस,

आधीचं पाकीट परत आलेलं नाही. बाई म्हणतात, हे चांगलं लक्षण. घड्याळवाला म्हणतो, टपालखात्यात चांगलं लक्षण असं काही नसतं.

काल बाईंनीच मला बोलावून घेतलं. नंबर द्यायला नियम आड येतो, पण स्वतः लावायला नाही, असं त्यांनी ठरवलं असावं. म्हणाल्या, "आज नऊ मार्च नाही. आज लावून बघू." मी नको म्हणत होतो. लावला नाही तोवर तू आहेस, असं माझं चाललं होतं. वहिनी मला निघतानाच म्हणाली होती, "तिथे जाऊन शेपूट घालू नका."

त्यांनी लावला. खूप वेळ वाजला असावा, त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मग एकदम ताठ झाल्या आणि हाताने मला खूण केली. म्हणाल्या, "तुमच्या घरचे बोलतायत, एक मिनिट," आणि फोन माझ्या हातात दिला.

मी डाव्या कानाला दाबून धरला. मी म्हटलं, "धाकटे, मी दादा."

पुढे काय झालं ते मला ठाऊक नाही.

मला यंत्राची घरघर ऐकू आली, ती तर रोजचीच. त्याच्यामागे कोणी बोलत होतं की श्वास घेत होतं की काहीच नव्हतं, मला कळलं नाही. मी पुन्हा म्हटलं, "मी दादा. मोठ्याने बोल, बाळ, मला ऐकू येत नाही." मी किती मोठ्याने म्हणालो असेन कोण जाणे, बाहेरची माणसं दारात येऊन बघायला लागली. मी तसाच धरून बसलो. बाईंनी हळूच फोन काढून घेतला आणि कानाला लावला. ठेवलेला होता.

"काय म्हणाल्या?" त्यांनी मला विचारलं. मला. मी त्यांना म्हटलं, "तुम्ही 'हॅलो' ऐकलं ना, गेल्या वर्षीचाच आवाज होता का?" त्या म्हणाल्या, "एका शब्दावरून कसं सांगू, काका? असेलही." पुन्हा लावला. मग कोणी उचलला नाही.

घरी आलो तर वहिनी दारातच होती. तिला सांगितलं. ती काही टोमणा मारेल असं वाटलं होतं. तिने फक्त विचारलं, "तुम्ही तिला बाळ म्हणालात?" मी हो म्हटलं. ती आत जाऊन बसली.

मी विचार करकरून थकलो. ती बाई परकी असती तर तिने सरळ सांगितलं असतं की तुम्ही कोण, काय हवंय, ती वारली. का सांगितलंच, आणि मला ऐकू आलं नाही? तू असतीस तर माझा आवाज ऐकून काहीतरी बोलली असतीस. का बोललीसच, आणि मला ऐकू आलं नाही? सगळं तिथेच येऊन थांबतं. तू इतक्या वर्षांत एकदा माझ्याशी बोलायला तोंड उघडलं असशील आणि मी यंत्र ऐकत बसलो असेन, हे मला सहन होत नाही. म्हणून पुन्हा फोन करणार नाही. माझ्यावर ते काम सोपवण्यात अर्थ नाही.

तू माझ्यावर रागावली असशील तर रागाव. त्या तारखेचं कळल्यावर आणखी रागावशील, तेही बरोबर आहे. इकडे ये म्हणत नाही. बोल म्हणत नाही. चार ओळी लिही, असंही म्हणत नाही, लिहिण्यासारखं काही नसेल तर काय लिहिणार.

पण डोळे खरंच चांगले आहेत, हे खोटं लिहिलं नव्हतं. तुझं अक्षर मी कुठेही ओळखेन. पाटीवर मीच गिरवून घेतलं होतं, आणि माझं ते तीनाचं शेपूट तुला लागू नये म्हणून केवढा जपलो होतो. तेव्हा एवढंच कर. एक रिकामं पाकीट घे. आत काही घालू नकोस. वर माझा पत्ता तुझ्या हाताने लिही आणि पेटीत टाक. तेवढ्याने मला कळेल.

आणि तुझ्याऐवजी हे पत्र दुसऱ्या कोणी उघडलं असेल, 'घरातलीच' म्हणणाऱ्या बाईंनी, तर बाई, तुम्हीही पाकीट पाठवा. तुमचं अक्षर दिसलं तरी मला कळेल. मग मी वरचं 'चि.' लिहिणं थांबवेन.

टपालवाला अकराच्या सुमारास येतो. मी खाली घड्याळवाल्याच्या बाकावर बसलेला असतो, कारण जिन्यावरून त्याने हाक मारली तर मला ऐकू जायची नाही. लवकर पाठव.

तुझा
दादा